आज्ञा आणि तुटलेला दुवा : ट्रेलरच्या विद्युत्-ब्रेकचा इतिहास

एका वाहनाने दुसरे वाहन ओढावयाचे ठरविले की मागील वाहनाच्या ब्रेकविषयी दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला प्रश्न आज्ञेचा : पुढे बसलेल्या चालकाच्या इच्छेप्रमाणे मागील चाकांनी थांबावे कसे? दुसरा प्रश्न दुव्याचा : दोन वाहनांमधील जोड प्रवासात तुटला, तर मागील वाहनाने आपण होऊन थांबावे कसे? वरवर पाहता हे एकाच प्रश्नाचे दोन भाग वाटतात. वस्तुतः एका प्रश्नाचे उत्तम उत्तर देणारी रचना दुसऱ्या प्रश्नापुढे अगदी निरुपयोगी ठरू शकते. मोटारीमागे जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या विद्युत्-ब्रेकचा इतिहास हा या विसंगतीचा इतिहास आहे. यांत्रिक साधनांकडून विद्युत्-साधनांकडे झालेली प्रगती, अशा सोप्या सूत्रात तो बसत नाही; आणि लहान मोटारीला असा ट्रेलर जोडताना ज्या तारा ओढाव्या लागतात त्यांचा विचार केला म्हणजे तो का बसत नाही हे विशेष स्पष्ट होते.

हे दोन्ही प्रश्न प्रथम रेल्वेसमोर आले. १८६९ साली जॉर्ज वेस्टिंगहाऊस याने हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पहिले पेटंट घेतले. त्या रचनेत इंजिनावरील साठ्यातून दाबलेली हवा नळीवाटे मागील डब्यांकडे जाई व ब्रेक लावी. चालकाची आज्ञा शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचू लागली. पण नळी तुटली की हवा निघून जाई आणि संपूर्ण गाडी ब्रेकविरहित होई. १८७२ साली वेस्टिंगहाऊसने ही रचना उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेचा स्वतंत्र साठा ठेवला, आणि मुख्य नळीतील दाब कायम असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतील, तो कमी होताच लागतील, अशी झडप बसविली. आज्ञा आता दाबाच्या अस्तित्वातून नव्हे, तर त्याच्या अभावातून दिली जाऊ लागली. गाडी मध्येच तुटली तरी दोन्ही भाग आपोआप थांबत.

या बदलाचे महत्त्व इंग्लंड-आयर्लंडमधील रेल्वे कंपन्यांना पटण्यास एक भीषण प्रसंग घडावा लागला. १२ जून १८८९ रोजी आर्मा या गावाहून मुलांना सहलीस नेणारी एक लांब गाडी चढावर अडकली. तिचे दोन भाग करून पुढील भाग वर नेण्याचे कर्मचाऱ्यांनी ठरविले. गाडीस निर्वात-ब्रेक होता, परंतु तो स्वयंचलित नव्हता. त्यामुळे नळी सोडताच मागील डब्यांवर शेवटच्या डब्यातील हात-ब्रेकखेरीज कोणतेच बंधन उरले नाही. चाकांखाली दगड लावले होते. पुढील भाग सुटताना किंचित मागे सरकला, दगड चिरडले गेले, आणि मागील डबे उतारावरून घरंगळत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत मुलांची संख्या मोठी होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून उतारूंच्या गाड्यांना स्वयंचलित अखंड ब्रेक सक्तीचे केले.

महाराष्ट्रात याच प्रश्नाचे एक वेगळे उत्तर डोंगरावर कोरलेले आहे. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या रेल्वेमार्गावर ३७ फुटांस १ फूट असा उतार होता. तेथे अनावर झालेली गाडी वळवून थोपविण्यासाठी चढणीचे आडमार्ग बांधण्यात आले. ब्रेकवर निःशंकपणे विसंबता येत नव्हते, तेव्हा डोंगराच्या चढणीकडूनच ब्रेकचे काम करवून घ्यावे लागले.

रेल्वेने महागात शिकलेला हा धडा रस्त्यावरील लहान वाहनांपर्यंत मात गेला नाही असे नव्हे. तो अर्धाच गेला. अवजड मालमोटारींना हवेचा दाब निर्माण करणारे यंत्र वागविणे परवडते, म्हणून त्यांच्या ट्रेलरांना वेस्टिंगहाऊसचे तत्त्व लावता आले. खाजगी मोटारीपाशी असे यंत्र नव्हते. तिच्याजवळ होते ते एवढेच : इंजिनाच्या शोषणाने निर्माण होणारी निर्वातता, ब्रेकच्या नळ्यांतील तेलाचा दाब, आणि बॅटरी. यांपैकी बॅटरी ही तुलनेने नवी वस्तू होती. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीला विजेवर चालणारा स्टार्टर बसविण्यात आला, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत डायनॅमो व बॅटरी ही अमेरिकन मोटारीची नित्याची अंगे बनली. ज्या मोटारी हाताने दांडा फिरवून चालू कराव्या लागत त्यांच्या काळात ट्रेलरच्या विद्युत्-ब्रेकची कल्पना व्यवहार्य होणे शक्यच नव्हते.

विस्कॉन्सिन राज्यातील बेलॉइट या गावी आर्थर प्रॅट वॉर्नर याने १९२७ साली विद्युत्-ब्रेकचा कारखाना काढला, तो या पार्श्वभूमीवर. वॉर्नर हा त्या काळच्या अमेरिकन संशोधक-उद्योजकांचा एक लक्षणीय नमुना होय. चुंबकाच्या ओढीवर चालणारे वेगमापक यंत्र त्याने भावाच्या साहाय्याने मोटारींसाठी तयार केले होते. तो धंदा १९१२ साली विकला गेला व त्यातून स्टुअर्ट-वॉर्नर ही कंपनी उभी राहिली. १९०९ साली त्याने कर्टिस बनावटीचे विमान विकत घेऊन बेलॉइट येथे उडविलेही होते. पुढे तो ट्रेलरांच्या उत्पादनाकडे वळला, आणि ट्रेलर विकणाऱ्यास ट्रेलर थांबविण्याच्या प्रश्नाकडे डोळेझाक करता येत नाही.

त्याच्या कारखान्याने प्रचारात आणलेल्या ब्रेकचे तत्त्व पुढे मूलतः बदलले नाही, म्हणून ते नीट समजून घेणे अवश्य आहे. ट्रेलरच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत लोखंडाची एक सपाट कडी असते. तिच्याजवळ, एका तरफेच्या टोकाशी, विद्युत्-चुंबक बसविलेला असतो. प्रवाह सुरू होताच चुंबक फिरत्या कडीला चिकटू पाहतो व तिच्याबरोबर थोडा ओढला जातो. त्यामुळे तरफ वळते व ब्रेकचे जोडे ड्रमवर दाबले जातात. चाक थांबविण्याची शक्ती वीज पुरवीत नाही, ती फिरत्या चाकाकडूनच घेतली जाते. वीज फक्त ती घेण्याची सूचना देते. म्हणूनच प्रत्येक चुंबकास १२ व्होल्टच्या मोटारीत सुमारे ३ अँपिअर एवढाच प्रवाह पुरतो. प्रवाह कमी-अधिक केला की ब्रेकचा जोर कमी-अधिक होतो. वेगमापक यंत्रातही फिरणारा भाग स्थिर भागाला चुंबकाच्या द्वारे आपल्याबरोबर ओढू पाहतो. एकीवरून दुसरी कल्पना निघाली असा दावा करण्याचे कारण नाही; पण दोन्ही एकाच कारखानदाराच्या हातून घडल्या, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

आज्ञेच्या प्रश्नाला हे उत्तर फार समर्पक होते. नळ्या नाहीत, तेल गळण्याची भीती नाही. एक तार व परतीचा मार्ग एवढ्यावर काम भागते. ट्रेलर जोडताना व सोडताना फक्त प्लग लावावा वा काढावा लागतो. शिवाय चालकाजवळ हाताने चालविण्याची स्वतंत्र कळ ठेवता येते. मागील ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागला असता मोटारीचा ब्रेक न दाबता केवळ ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावला, तर ट्रेलर मागे खेचला जाऊन सरळ होतो. आणि हे सामर्थ्य अन्य साध्या ब्रेकांत नाही. १९३० नंतर अमेरिकेत निवासी ट्रेलरांची जी लाट आली तिच्याशी ही सोय जुळली. आर्थर शर्मन याची कव्हर्ड वॅगन कंपनी, १९३६ साली वॉली बायम याने बाजारात आणलेला एअरस्ट्रीम क्लिपर, ही त्या लाटेची सर्वपरिचित उदाहरणे होत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या ४० मिलिमीटर विमानविरोधी तोफेच्या चारचाकी गाड्यासही विद्युत्-ब्रेक बसविण्यात आले होते.

परंतु दुव्याच्या प्रश्नापुढे हीच रचना उघडी पडते. प्रवाह असेल तर ब्रेक, नसेल तर नाही. म्हणजे तत्त्वतः ही १८६९ ची रचना झाली, १८७२ ची नव्हे. तार तुटली, प्लग निसटला, संपर्कावर गंज चढला, तर ट्रेलर मोकळा. हे वैगुण्य अमेरिकन कारखानदारांच्या व कायदेकर्त्यांच्या ध्यानात आले नव्हते असे नाही. त्यावर त्यांनी जोडउपाय काढला. ट्रेलरवर एक स्वतंत्र बॅटरी ठेवावयाची, आणि मोटारीला बांधलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाशी एक पिन असलेला स्विच बसवावयाचा. ट्रेलर सुटला की दोरी ताणली जाऊन पिन निघते, स्विच जोडला जातो व ट्रेलरवरील बॅटरीचा सर्व प्रवाह चुंबकांना मिळतो. अमेरिकेच्या संघीय नियमांनी व्यापारी वाहनांसाठी असा ब्रेक सुटल्यानंतर निदान १५ मिनिटे लागलेला राहिला पाहिजे, असे बंधन घातले आहे.

या उपायाची वेस्टिंगहाऊसच्या उपायाशी बरोबरी करता येत नाही, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. हवेच्या स्वयंचलित ब्रेकमध्ये बिघाड झाला तर गाडी जागची हलत नाही; बिघाड स्वतःच आपली वर्दी देतो. उलट ट्रेलरवरील बॅटरी महिनोन् महिने उतरलेली असली तरी प्रवासात काहीही अडत नाही. दिवे लागतात, पेडल दाबताच ब्रेकही लागतो, कारण त्यांना वीज मोटारीकडून मिळते. ज्या क्षणी त्या बॅटरीची गरज भासते त्याच क्षणी ती निकामी असल्याचे कळते, आणि तोपर्यंत ट्रेलर सुटलेला असतो. रेल्वेने रचनेच्या पोटात घातलेली सुरक्षितता येथे मालकाच्या दक्षतेवर सोपविली गेली.

युरोपात या दोन प्रश्नांची उत्तरे निराळ्या क्रमाने दिली गेली, आणि त्याचे मूळ मोटारीच्या आकारात आहे. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लस कारखान्याने पहिल्या महायुद्धानंतर, आणि जर्मनीत आरिस्ट डेथलेफ्स याने १९३१ साली, मोटारीमागे ओढण्याचे निवासी ट्रेलर बनविले. तेथील मोटारी लहान, त्यांची इंजिने लहान, बॅटऱ्याही बेताच्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस निघालेले एरिबा जातीचे ट्रेलर तर लहान मोटारींना ओढता यावेत याच हेतूने हलके व बुटके केलेले होते. अशा ट्रेलरांसाठी युरोपाने वीज सोडून रेट्याचा ब्रेक स्वीकारला. मोटारीचा वेग कमी झाला की मागील ट्रेलर तिच्यावर रेटला जातो. हा रेटा जोडाजवळील सरकत्या दांड्यावर घेतला जातो आणि तरफ, सळई व तारेच्या दोरांनी चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचविला जातो. ट्रेलर जेवढा जड व थांबणे जेवढे जोराचे, तेवढा ब्रेक अधिक. त्यास मोटारीकडून विजेचा कणही लागत नाही. जोड तुटल्यास एक पातळ दोर ट्रेलरचा हात-ब्रेक ओढतो व मग स्वतः तुटतो. येथे बॅटरी नाही. म्हणून उतरण्यासारखे काही नाही.

दुव्याच्या कसोटीस उतरणारी ही रचना आज्ञेच्या कसोटीस मात्र उतरत नाही. चालकाला ट्रेलरचा ब्रेक स्वतंत्रपणे लावताच येत नाही. हेलकावे सुरू झाले तरी रेटा नसल्याने ब्रेक स्वस्थ राहतो. लांब घाटात इंजिनाच्या रोधावर गाडी उतरविताना ट्रेलर सतत रेटत राहतो व त्याचे ड्रम तापतात. आणि गाडी मागे घेताना ब्रेक नको असता लागतो, म्हणून त्यावर आणखी यांत्रिक उपाय योजावे लागले. चालकाच्या अधीन नसलेला ब्रेक अमेरिकन संघीय नियमांना इतका अमान्य होता की व्यापारी ट्रेलरांवर रेट्याच्या ब्रेकला तेथे २००७ सालापर्यंत मान्यता मिळाली नाही.

या दोन परंपरा जेथे एकमेकींस भिडतात ते स्थळ म्हणजे अमेरिकन रस्त्यावरील युरोपीय लहान मोटार. फोक्सवागेन बीटलचे उदाहरण घेतल्यास अडचणीचे स्वरूप आकड्यांनी दाखविता येते. अमेरिकन मोटारी १९५५ च्या सुमारास ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या. बीटल अमेरिकेतही १९६७ च्या मॉडेलपर्यंत ६ व्होल्टवरच होती. दोन चाकांच्या ट्रेलरचे दोन चुंबक १२ व्होल्टवर ६ अँपिअर, म्हणजे ७२ वॅट घेतात. तेवढीच शक्ती ६ व्होल्टवर द्यावयाची तर १२ अँपिअर हवेत. अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेची जाऊन-येऊन लांबी १२ मीटर धरली, तर तिचा रोध सुमारे ०.०८४ ओहम भरतो. १२ व्होल्टच्या मोटारीत या तारेत अर्धा व्होल्ट वाया जातो, म्हणजे शेकडा ४. ६ व्होल्टच्या मोटारीत पूर्ण एक व्होल्ट वाया जातो, म्हणजे एकषष्ठांश. जुनाट प्लगाच्या गंजलेल्या संपर्काचा रोध यात धरलेलाच नाही. त्यातून बीटलच्या डायनॅमोची शक्ती अवघी १८० वॅट. रात्रीच्या वेळी पुढील दिव्यांची मागणी तीतून आधीच वजा होत असे. अमेरिकन मोटारीत विद्युत्-ब्रेकचा भार नगण्य होता. येथे तो हिशेबात धरावा लागे.

बीटलची बॅटरी मागील आसनाखाली, म्हणजे ट्रेलरच्या जोडाजवळच असे. तेव्हा तार आखूड पुरेल असे वाटते. पण प्रवाहाचे नियंत्रण चालकाच्या हाताशी हवे, म्हणून तार प्रथम पुढे दर्शनी फळीपर्यंत न्यावी लागे व तेथून पुन्हा मागे आणावी लागे. त्या काळच्या नियंत्रकाचे काम आणखी अवघड होते. ब्रेकच्या मुख्य सिलिंडरमधून तेलाची एक नळी काढून ती नियंत्रकातील दट्ट्याला जोडीत. पेडलवर जोर वाढला की दट्ट्या सरकून रोधक कमी करी व ट्रेलरकडे जाणारा प्रवाह वाढे. ही योजना तत्त्वतः सुरेख होती, कारण मोटारीच्या व ट्रेलरच्या ब्रेकचे प्रमाण तीत आपोआप राखले जाई. परंतु अमेरिकन मोटारीच्या मोठ्या सिलिंडरमधून थोडे तेल बाजूला घेणे निराळे आणि लहान मोटारीच्या सिलिंडरमधून घेणे निराळे. तेथे पेडल अधिक खोल जाई. आणि ती जोडनळी गळली तर ट्रेलरसाठी घेतलेल्या सोयीपायी मोटारीचाच ब्रेक जाण्याचा धोका उत्पन्न होई. १९६८ पासून अमेरिकेत मोटारींना दुहेरी ब्रेक-मंडल सक्तीचे झाले, पुढे चाके घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक योजना आली, आणि ब्रेकच्या तेलाला हात लावणे क्रमशः निषिद्ध ठरले. त्यानंतरचे नियंत्रक ब्रेकच्या दिव्याच्या तारेवरून सूचना घेतात. त्यांतील साधे प्रकार ठरलेल्या वेगाने प्रवाह वाढवीत नेतात. सुधारलेले प्रकार गाडीचा वेग किती झपाट्याने घटत आहे हे आतल्या संवेदकाने मोजून त्या प्रमाणात प्रवाह देतात. ट्रेलरच्या जडत्वाचा रेटा युरोपने दांड्याने मोजला होता; अमेरिकेने तेच जडत्व अखेरीस नियंत्रकाच्या पेटीत मोजावयास घेतले.

दिव्यांच्या बाबतीतही असाच पेच होता. अमेरिकन परंपरेत ब्रेकचा व वळण्याचा इशारा मागील एकाच तांबड्या दिव्याने देता येतो. युरोपीय नियमांना वळण्यासाठी स्वतंत्र पिवळसर दिवा लागतो. युरोपीय पद्धतीच्या मोटारीस अमेरिकन ट्रेलर जोडावयाचा तर दोन तारांतील सूचना एका तारेत मिसळाव्या लागतात, आणि त्यासाठी मध्ये एक परिवर्तक बसवावा लागतो. तारा नुसत्या एकत्र पिळल्या तर ब्रेक दाबताच मोटारीचे वळणदिवेही पेटतात. आजच्या लहान मोटारीत दिव्याच्या तारेतून थोडासाही जादा प्रवाह घेतला तर तिचा संगणक त्यास बिघाड समजतो. म्हणून परिवर्तकाला वीज थेट बॅटरीतून देऊन दिव्यांच्या तारांचा उपयोग केवळ सूचनेपुरता करावा लागतो. विद्युत्-ब्रेकसाठीही बॅटरीपासून फ्यूजसह स्वतंत्र जाड तार ओढणे, तिची परतीची तार गाडीच्या पत्र्यावर न सोपविता बॅटरीपर्यंत नेणे, हे अपरिहार्य झाले आहे.

दोन्ही परंपरांचा ठसा सर्वांत स्पष्ट उमटला आहे तो प्लगावर. अमेरिकन निवासी ट्रेलरच्या सात संपर्कांच्या प्लगात एक संपर्क ब्रेकसाठी राखलेला असून त्याची तार निळी असते. ऑस्ट्रेलियाने युरोपसारख्या लहान मोटारी व अमेरिकेसारखी लांब अंतरे यांचा मेळ घालताना दोन्ही ब्रेकांना स्थान दिले. तेथे ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही. २००० किलोंपर्यंत रेट्याचा किंवा विजेचा, कोणताही चालतो. त्यापुढे मात्र सर्व चाकांवर, चालकाच्या अधीन असलेला व जोड तुटताच आपोआप लागणारा ब्रेक हवा. तेथील प्लगातही पाचव्या क्रमांकाची निळी तार ब्रेकची आहे. युरोपच्या रूढ सात पिनांच्या प्लगात ब्रेकसाठी पिन नाही. तथापि त्यातील दुसऱ्या पिनेवर ‘५४-जी’ अशी खूण आढळते. जर्मन मोटारींच्या विद्युत्-जोडण्यांना खुणा ठरवून देणाऱ्या प्रमाणात या खुणेचा अर्थ ट्रेलरच्या दीर्घकाळ चालणाऱ्या ब्रेकची, विजेने उघडणारी हवेची झडप असा दिलेला आहे. तो अवजड वाहनांचा वारसा होय. लहान मोटारीला अशी झडप कधी नव्हतीच. तिच्या प्लगात त्या पिनेतून मागील धुक्याच्या दिव्याचा प्रवाह जातो.